पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स असलेलं टेबल ड्रॉप करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेसवर मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट, लिहिणाऱ्या प्रत्येकाची कधी ना कधी या संदेशाशी गाठ पडते: «कॅनॉट ड्रॉप टेबल, बिकॉज इट हॅज पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स». तो पहिल्यांदा दिसला की माणूस टेबलवरचे ट्रिगर (ओळी बदलल्या की आपोआप चालणारा कोड) शोधायला लागतो आणि तिथे आपण लिहिलेला एकही ट्रिगर सापडत नाही. मग घाईघाईत काहीतरी बंद केलं जातं, काहीतरी काढून टाकलं जातं आणि मायग्रेशन एकदाचं पार पडतं. चुकीचा डेटा नेमका अशाच वेळी आत शिरतो, म्हणून हे प्रश्न जरा सविस्तर घेतले आहेत. माहिती पोस्टग्रेसची आहे, इतर डेटाबेसबद्दल अगदी शेवटी थोडं आहे.

हा संदेश नेमकं काय सांगतो?

तुमच्या चालू ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) या टेबलच्या काही ओळींची तपासणी पुढे ढकलली गेली आहे आणि ती अजून झालेली नाही, एवढंच. पोस्टग्रेस प्रत्येक सेशनसाठी आफ्टर ट्रिगरची, म्हणजे बदल झाल्यानंतर चालणाऱ्या ट्रिगरची, एक रांग ठेवतो. ओळ घातली, बदलली किंवा काढली की संबंधित ट्रिगरची नोंद त्या रांगेत जाते. साध्या ट्रिगरची नोंद ती कमांड संपता संपताच निकाली निघते. ज्या ट्रिगरना कमिटपर्यंत, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं होईपर्यंत, थांबायची मुभा असते, त्यांच्या नोंदी कमिट होईपर्यंत रांगेत पडून राहतात. त्या निकाली निघण्याआधी तुम्ही टेबल ड्रॉप करायला गेलात की पोस्टग्रेस नकार देतो. एररचा कोड असतो ५५००६, म्हणजे «ऑब्जेक्ट इन यूज».

मी तर एकही ट्रिगर लिहिलेला नाही. हे इव्हेंट आले कुठून?

फॉरेन कीमधून, म्हणजे एका टेबलातली किंमत दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे या बंधनातून. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की आतून ट्रिगरच्या आधारावरच चालते. तुम्ही फॉरेन की घोषित केली की दोन्ही टेबलांवर अंतर्गत ट्रिगर तयार होतात. ज्या टेबलात फॉरेन की आहे तिथे इन्सर्ट आणि अपडेटसाठी, आणि जिच्याकडे ती बोट दाखवते त्या टेबलावर डिलीट आणि अपडेटसाठी. पीजी_ट्रिगर या कॅटलॉगमध्ये ते दिसतात. त्यांच्यासमोर टीजीइजइंटर्नल हा कॉलम ट्रू असतो, म्हणून पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात) टेबलचं वर्णन मागितलं तरी ते ट्रिगरच्या यादीत येत नाहीत.

फॉरेन की «डिफरेबल इनिशियली डिफर्ड» असेल तर तिची तपासणी कमिटच्या वेळी होते. त्याशिवाय युनिक, प्रायमरी की आणि एक्सक्लुजन हे कन्स्ट्रेंटही डिफरेबल करता येतात. ही सोय ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून आहे. चेक आणि नॉट नल मात्र कायम जागच्या जागी तपासले जातात, ते पुढे ढकलता येत नाहीत. याखेरीज कोणी मुद्दाम «क्रिएट कन्स्ट्रेंट ट्रिगर» वापरून डिफर्ड ट्रिगर लिहिला असेल, तर त्याच्याही नोंदी याच रांगेत असतात.

एखादं साधं उदाहरण?

ग्राहक आणि मागण्या अशी दोन टेबलं घ्या. मागण्यांमध्ये ग्राहक_आयडी ही फॉरेन की आहे आणि ती इनिशियली डिफर्ड आहे. बिगिन म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करा, मागण्यांमध्ये एक ओळ घाला, ग्राहक अगदी बरोबर द्या. आता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मागण्या हे टेबल ड्रॉप करून पाहा. एरर येईल.

डेटात काहीही चूक नाही. फक्त «हा ग्राहक खरंच अस्तित्वात आहे ना» हे बघायचं अजून बाकी आहे. हीच फॉरेन की साधी, म्हणजे नॉट डिफरेबल असती, तर इन्सर्ट संपता संपताच तपासणी झाली असती आणि ड्रॉप बिनबोभाट पार पडला असता. म्हणूनच एका वातावरणात चाललेलं मायग्रेशन दुसरीकडे अडकतं. दोन्हीकडे टेबलं सारखी दिसतात, पण फॉरेन कीची घोषणा वेगळी असते. ही तफावत शोधण्यात मी एकदा पूर्ण दुपार घालवली आहे. आता संदेश दिसला की सगळ्यात आधी हेच बघतो.

आणखी एक खाच आहे. प्रत्येक अपडेटने नोंद होतेच असं नाही. अपडेटमध्ये फॉरेन कीचे कॉलम बदलले नसतील तर पोस्टग्रेस सहसा नोंद करतच नाही. पण ती ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये घातलेली असेल तर नोंद होते. डिफरेबल युनिकची नोंदही दुहेरी किमतीची शक्यता दिसली तरच होते. त्यामुळे तुमच्या चाचणीच्या डेटावर एरर आली नाही, तरी खऱ्या डेटावर येऊ शकते.

टेबलच जाणार आहे. मग पोस्टग्रेस त्या नोंदी स्वतःहून फेकून का देत नाही?

सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न आहे आणि रास्तही आहे. उत्तरासाठी रांगेत नेमकं काय ठेवलेलं असतं ते पाहावं लागतं. साध्या टेबलांच्या बाबतीत तिथे ओळीची प्रत नसते, ओळीचा पत्ता असतो: कितव्या ब्लॉकमध्ये, त्या ब्लॉकमध्ये कितव्या जागी. कमिटच्या वेळी पोस्टग्रेस त्या पत्त्यावर जाऊन ओळ उचलतो आणि ट्रिगरच्या हाती देतो. मधल्या काळात टेबलच गेलं, किंवा नव्याने लिहिलं जाऊन ओळींच्या जागा बदलल्या, तर तो पत्ता निरर्थक ठरतो.

नोंदी रद्द करणं तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं आहे. पण त्या ट्रिगरचं काम काय आहे हे डेटाबेसला कुठे ठाऊक असतं? फॉरेन कीची तपासणी असेल तर टेबल गेल्यावर तिचं प्रयोजन संपतं, हे खरं. पण तोच डिफर्ड कन्स्ट्रेंट ट्रिगर तुमचा स्वतःचा असेल आणि तो दुसऱ्या टेबलात हिशोबाची बेरीज लिहीत असेल, तर? नोंद गुपचूप रद्द झाली की बेरीज चुकली, आणि ती कोणाला कळणारही नाही. पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमधल्या टिपणीतही हाच विचार आहे: काही प्रसंगी नोंदी काढून टाकणं योग्य ठरलं असतं, पण ट्रिगरचा अर्थ माहीत नसताना सरसकट तसं करता येत नाही. मला हा निर्णय पूर्ण पटतो. डेटाबेसने अंदाज बांधण्यापेक्षा थांबून विचारलेलं बरं.

मग सुरक्षित मार्ग कोणता?

तीन आहेत. मी ते याच क्रमाने विचारात घेतो.

पहिला, क्रम बदला. ड्रॉप आधी करता येत असेल तर आधीच करा आणि डेटातले बदल नंतर. ज्या टेबलवर या ट्रान्झॅक्शनमध्ये अजून काही घडलेलंच नाही, त्याची रांगेत नोंद नसते आणि अडचणही नसते. अनेकदा एवढ्यानेच काम भागतं, पण सुचत नाही. कारण आपल्याला «आधी साफसफाई, मग पाडकाम» अशीच सवय असते.

दुसरा, डेटाचे बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट करा आणि ड्रॉप पुढच्या ट्रान्झॅक्शनमध्ये. कमिटच्या वेळी सगळ्या पुढे ढकललेल्या तपासण्या होतात, रांग रिकामी होते. यात एक गोष्ट हातची जाते: दोन्ही कामं एकत्र मागे घेता येत नाहीत. पहिलं कमिट झालं आणि दुसरं फसलं, तर मधल्या अवस्थेतला डेटाबेस चालण्याजोगा असला पाहिजे. मायग्रेशन लिहितानाच याचा विचार करा.

तिसरा, ट्रान्झॅक्शन एकच ठेवायचं असेल तर ड्रॉपच्या आधी «सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमीजिएट» ही कमांड चालवा. तिचा परिणाम मागच्या बदलांवरही होतो, हे तिचं वैशिष्ट्य. रांगेत थांबलेल्या तपासण्या ती तिथल्या तिथे उरकते. सगळ्या पार पडल्या की रांग मोकळी आणि ड्रॉपचा मार्गही मोकळा. पुढच्या कमांडसाठी पुन्हा सवलत हवी असेल तर «सेट कन्स्ट्रेंट्स ऑल डिफर्ड» म्हणा.

ऑलऐवजी एकाच कन्स्ट्रेंटचं नावही देता येतं. मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये मी तेच करतो, कारण इतर तपासण्या अर्धवट डेटावर आत्ताच चालवायच्या नसतात. नावासोबत स्कीमा (टेबलांचा नावानिशी गट) दिला नाही तर पोस्टग्रेस सर्च पाथप्रमाणे, म्हणजे सेटिंगमधल्या स्कीमांच्या यादीप्रमाणे, शोधतो. एकाच नावाचे कन्स्ट्रेंट अनेक स्कीमांत असतील तर स्कीमा लिहाच.

आणि ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आतच द्यायची. बाहेर दिली तर पोस्टग्रेस फक्त एक इशारा छापतो, परिणाम काहीही होत नाही.

सेट कन्स्ट्रेंट्स चालवल्यावर वेगळीच एरर आली, २३५०३. आता?

ही फॉरेन कीच्या उल्लंघनाची एरर आहे. म्हणजे तपासणी झाली आणि डेटा खरोखरच चुकीचा निघाला. कमिटच्या वेळी जे उघडं पडलं असतं ते थोडं आधी पडलं. इथे कन्स्ट्रेंट बाजूला सारण्याचा मोह टाळा. आधी चुकीच्या ओळी कुठल्या ते बघा.

त्या ओळी जे टेबल ड्रॉप व्हायचंय त्यातच असतील तर त्या डिलीट करा आणि पुन्हा सेट कन्स्ट्रेंट्स चालवा. फॉरेन कीची तपासणी सुरू होताना पोस्टग्रेस आधी ती ओळ अजून जिवंत आहे का ते बघतो. ती गेलेली असेल तर तपासणी सोडून देतो. त्या ओळी दुसऱ्या, मागे राहणाऱ्या टेबलात असतील, तर मात्र तुमच्या मायग्रेशनमध्येच चूक आहे आणि पोस्टग्रेसने ती वेळेत पकडून दिली आहे.

एरर आल्यावर ते ट्रान्झॅक्शन निकामी होतं, पुढची प्रत्येक कमांड २५पी०२ या कोडने नाकारली जाते. रोलबॅक करून, म्हणजे सगळे बदल मागे घेऊन, पुन्हा सुरुवातीपासून यावं लागतं, किंवा आधी सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधली मागे येण्याची खूण) ठेवला असेल तर तिथपर्यंत मागे जाता येतं.

सगळ्या ओळी डिलीट केल्या तर रांग आपोआप रिकामी होईल ना?

नाही. ओळ गेली तरी तिची नोंद रांगेत राहते. ती नोंद निकाली निघताना «ओळच नाही, सोडून द्या» असं ठरतं, पण निकाली निघायची वेळ तर यावी लागते. तोपर्यंत ड्रॉप अडलेलाच.

किंबहुना डिलीटने परिस्थिती बिघडू शकते. ज्या टेबलकडे इतर टेबलं बोट दाखवतात, त्यातल्या ओळी काढल्या की प्रत्येक ओळीमागे एक नवी नोंद रांगेत जाते: «हिच्यावर अवलंबून असलेलं कोणी मागे राहिलं का?» टेबल ड्रॉप करण्याआधी ते डिलीटने रिकामं करण्याची सवय पुष्कळांना असते. पोस्टग्रेसमध्ये तिचा काहीच उपयोग नाही. ड्रॉपमध्ये ओळींसकट सगळं जातं. डिलीटने फक्त वेळ खाल्ला जातो, लॉगचा आकार वाढतो आणि कधीकधी ही एरर गळ्यात पडते.

ज्या टेबलला मी ड्रॉप करत नाही, त्याचं नाव एररमध्ये का येतं?

हा सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार आहे. समजा तुम्ही ग्राहकांमधून काही ओळी डिलीट केल्या आणि मग मागण्या हे टेबल ड्रॉप करायला गेलात. मागण्यांवर एकही नोंद प्रलंबित नाही. तरीही एरर येते, आणि तिच्यात ड्रॉप टेबलऐवजी ड्रॉप ट्रिगर असे शब्द आणि ग्राहक हे नाव असतं.

कारण फॉरेन कीचे ट्रिगर दोन्ही टेबलांवर असतात. मागण्या हे टेबल गेलं की त्याची फॉरेन की जाते, आणि तिच्यासोबत ग्राहक टेबलावर बसलेले तिचे ट्रिगरही काढावे लागतात. पण ग्राहक टेबलावर तर डिलीटच्या नोंदी तिष्ठत आहेत. त्यांचा ट्रिगरच काढून टाकला तर त्या नोंदी कोण निकाली काढणार? म्हणून नकार.

अशा वेळी मागण्या टेबल आधी ड्रॉप करून मग ग्राहकांच्या ओळी काढल्या तर प्रश्नच उद्भवत नाही. तसं करणं शक्य नसेल तर सेट कन्स्ट्रेंट्स आहेच. पण मागण्यांमध्ये त्या काढलेल्या ग्राहकांच्या ओळी असतील तर तपासणी फसेल. मग आधी मागण्या ट्रंकेट करा, म्हणजे ते टेबल एका कमांडने रिकामं करा. तिच्यावर नोंदी नसल्यामुळे ट्रंकेट अडत नाही. त्यानंतर तपासणी उरका, आणि मग ड्रॉप.

कॅस्केड लावलं तर?

काही फरक पडत नाही. कॅस्केडने अवलंबून असलेल्या गोष्टी, म्हणजे व्ह्यू आणि दुसऱ्या टेबलांवरच्या फॉरेन की, सोबत काढल्या जातात. रांगेशी त्याचा संबंध नाही. उलट वर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या टेबलवरच्या नोंदीही आडव्या येऊ शकतात. शिवाय एरर घालवण्यासाठी म्हणून कॅस्केड लिहिणं धोक्याचं आहे. नेमकं काय काय जाईल हे आधी वाचलेलं नसतं.

ट्रंकेट आणि अल्टर टेबललाही हेच लागू आहे का?

हो. ट्रंकेट, अल्टर टेबल, क्लस्टर या सगळ्या कमांड टेबलावर हात टाकण्याआधी हीच तपासणी करतात, संदेशात फक्त कमांडचं नाव बदलतं. प्रत्यक्षात अल्टर टेबलवाला संदेशच जास्त वेळा दिसतो. डिफर्ड फॉरेन की असलेला नवा कॉलम जोडला, त्यात डेटा भरला आणि लगेच नॉट नल लावायला गेलं, की हजर.

ट्रिगर डिसेबल करून पाहू का?

«अल्टर टेबल डिसेबल ट्रिगर» ही स्वतःच अल्टर टेबल आहे, त्यामुळे तिथेही तीच एरर येते.

काही जण सेशन_रेप्लिकेशन_रोल ही सेटिंग रेप्लिका करायला सुचवतात. तसं केल्यावर पुढच्या बदलांसाठी साधे ट्रिगर आणि फॉरेन कीच्या तपासण्या रांगेत जातच नाहीत. आधीच रांगेत गेलेल्या नोंदी मात्र तशाच राहतात. म्हणजे एरर आल्यानंतर हा उपाय चालत नाही. आधी वापरला तर चालतो, पण डेटाची शाश्वती गमावून. त्या काळात शिरलेली चुकीची ओळ पोस्टग्रेस नंतर स्वतःहून कधीच तपासत नाही. फॉरेन की जागेवर दिसते, वैध म्हणूनही नोंदलेली असते, आणि आत अनाथ ओळी असतात. ही सेटिंग रेप्लिकेशनसाठी आहे. मायग्रेशनमध्ये ती दिसली तर मी रिव्ह्यूमध्ये थांबवतो.

जँगोच्या मायग्रेशनमध्ये हे इतकं का होतं?

जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) पोस्टग्रेसवर फॉरेन की तयार करताना ती डिफरेबल इनिशियली डिफर्ड अशीच करतो, आणि प्रत्येक मायग्रेशन एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की रनपायथनने (मायग्रेशनमधून पायथन कोड चालवण्याच्या सोयीने) डेटा हलवून त्याच फाइलमध्ये मॉडेल डिलीट करणं किंवा फील्ड बदलणं म्हणजे या एररला आमंत्रण. जँगोचं अधिकृत दस्तऐवजही स्पष्ट बजावतं की पोस्टग्रेसवर स्कीमाचे बदल आणि रनपायथन एकाच मायग्रेशनमध्ये मिसळू नका.

सरळ उपाय म्हणजे दोन फाइली: एकीत डेटा, दुसरीत रचना. बऱ्याचदा तीन लागतात: नवी रचना उभी करणारी, डेटा हलवणारी, जुनी रचना पाडणारी. फाइली वाढतात खऱ्या, पण प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासता येते, आणि शेवटची पाडकामाची फाइल काही दिवस राखून ठेवता येते. तो फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

ॲटॉमिक फॉल्स लिहून मायग्रेशन ट्रान्झॅक्शनबाहेर चालवता येतं आणि एररही जाते. पण मध्येच काही फसलं तर अर्धं झालेलं काम हातात राहतं आणि जँगोच्या लेखी मायग्रेशन झालेलंच नसतं. एकाच फाइलमध्ये राहायचं असेल तर रनएसक्यूएलने (थेट एसक्यूएल चालवण्याच्या सोयीने) मध्ये सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमीजिएट घालणं त्यापेक्षा बरं. जँगो स्वतःही पोस्टग्रेसवर फॉरेन की काढताना आधी तिला इमीजिएट करतो. म्हणून काही मायग्रेशन निभावून जातात आणि काही अडतात.

सेव्हपॉइंटचा उपयोग होतो का?

थोडा. सेव्हपॉइंटनंतर जमलेल्या नोंदी रोलबॅक टू सेव्हपॉइंट केल्यावर जातात, कारण ते बदलच मागे घेतले जातात. सेव्हपॉइंटच्या आधीच्या नोंदी तशाच राहतात. सेव्हपॉइंट रिलीज केल्याने रांग रिकामी होत नाही. ते कमिट नव्हे.

फंक्शनच्या आत टेबल ड्रॉप करताना «बीइंग यूज्ड बाय ॲक्टिव्ह क्वेरीज इन धिस सेशन» असा संदेश येतो. तो हाच प्रकार का?

कोड तोच, ५५००६, आणि तपासणीही त्याच ठिकाणी होते, पण कारण वेगळं आहे. तुमच्याच सेशनमध्ये कुठली तरी क्वेरी ते टेबल अजून उघडून बसली आहे. उदाहरणार्थ, त्या टेबलवर फॉर लूप चालू आहे आणि लूपच्या आत तुम्ही ते ड्रॉप करत आहात, किंवा कर्सर (क्वेरीचे निकाल एकेक करून वाचायचं साधन) बंद केलेला नाही. लूप संपवा, कर्सर बंद करा. सेट कन्स्ट्रेंट्सने इथे काही होणार नाही.

टेबलच्या स्वतःच्याच ट्रिगर फंक्शनमधून ते टेबल ड्रॉप करणंही असंच अडतं. चालू असलेली नोंद अजून पूर्ण झालेली नसते. ट्रिगरमधून रचना बदलण्याची गरज भासत असेल तर तो आराखडाच पुन्हा तपासा. पाडकामाची नोंद एखाद्या कामाच्या टेबलात करून ठेवा आणि ते काम नंतर स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये उरका.

११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, प्रोसीजरमध्ये मध्येच कमिट करता येतं. मोठं काम तुकड्यातुकड्यांनी करायचं असेल तर हे सोयीचं आहे. मात्र ती प्रोसीजर बाहेर उघडलेल्या ट्रान्झॅक्शनमधून बोलावलेली नसावी.

दुसऱ्याच्या सेशनमध्ये नोंदी प्रलंबित असतील तर मला एरर येईल का?

नाही, तुम्ही थांबून राहाल. पोस्टग्रेस फक्त तुमच्या सेशनची रांग बघतो, इतरांचं काम लॉकवर सोडतो. दुसऱ्याने त्या टेबलात लिहिलं असेल तर त्याचं लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत टिकतं, आणि ड्रॉपला लागणारं ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (बाकी सगळ्यांना अडवणारं) तोवर मिळत नाही. लॉक मिळालं याचाच अर्थ इतर कोणाच्या नोंदी बाकी नाहीत.

या थांबण्यातच खरा धोका आहे, आणि प्रॉडक्शनवर त्रास होतो तो बहुधा इथे. तुमचा ड्रॉप लॉकसाठी थांबला की त्याच्या मागून आलेली साधी सिलेक्टसुद्धा त्याच्यामागे रांगेत उभी राहते. कुणाचं तरी विसरलेलं, उघडं ट्रान्झॅक्शन, त्यामागे तुमचा ड्रॉप, त्यामागे सगळं ॲप्लिकेशन. फॉरेन कीमुळे दुसऱ्या टोकाच्या टेबलावरही ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतं. म्हणजे कोणी वापरत नसलेलं मागण्यांचं जुनं टेबल पाडताना सतत वापरात असलेलं ग्राहकांचं टेबल अडू शकतं. म्हणून ड्रॉपच्या आधी लॉक_टाइमआउट काही सेकंदांवर ठेवा. ठरलेल्या वेळेत लॉक मिळालं नाही तर कमांड मागे हटते, आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो.

रांगेत काय आहे ते पाहता येतं का?

थेट नाही, तसा व्ह्यू पोस्टग्रेसमध्ये नाही. पीजी_लॉक्समध्ये लॉक दिसतात, प्रलंबित नोंदी दिसत नाहीत. अंदाज बांधता येतो: पीजी_कन्स्ट्रेंटमध्ये कॉनडिफरेबल आणि कॉनडिफर्ड हे कॉलम बघा, कॉनरेलआयडी आणि कॉनएफरेलआयडी या दोन्हींमध्ये आपलं टेबल शोधा. पहिल्यात त्या टेबलचे स्वतःचे कन्स्ट्रेंट सापडतात, दुसऱ्यात त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन की. मग आपलं ट्रान्झॅक्शन वाचायचं आणि कुठल्या कमांडने नोंद झाली असेल ते ठरवायचं. पहिल्या कॉलमवर थांबणारे पुष्कळ असतात, आणि उत्तर दुसऱ्यात असतं.

रांग फार मोठी झाली तर?

ती मेमरीत असते. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कोट्यवधी ओळी भरल्या आणि फॉरेन की जागेवर असली, तर प्रत्येक ओळीमागे एक नोंद जमते. रांग मेमरीत मावेनाशी झाली की सर्व्हर असह्य मंदावतो किंवा कामच कोसळतं. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात मोठ्या प्रमाणावर डेटा भरण्याच्या प्रकरणात हा इशारा आहे. अशा कामात फॉरेन की आधी काढून, डेटा भरून, मग पुन्हा लावावी किंवा काम लहान ट्रान्झॅक्शनमध्ये तोडावं.

इव्हेंट ट्रिगर म्हणजे हेच का?

नाही, नावं उलटसुलट असल्याने घोटाळा होतो. इव्हेंट ट्रिगर ही ९.३ आवृत्तीपासूनची वेगळी सोय आहे. ते ड्रॉप किंवा अल्टरसारख्या रचनेच्या कमांडवर चालतात, ओळींवर नाही.

टेंपररी टेबल ऑन कमिट ड्रॉप असेल तर?

काळजी नको. कमिटच्या वेळी आधी पुढे ढकललेले ट्रिगर चालतात, त्यानंतर ऑन कमिटची कामं होतात. तुम्ही स्वतः मध्येच ड्रॉप केलंत तर मात्र टेंपररी टेबललाही वरचेच नियम लागू.

मग सगळ्या फॉरेन की नॉट डिफरेबल करून टाकाव्यात का?

एका एररसाठी असं करू नका. दोन टेबलं एकमेकांकडे बोट दाखवत असतील, किंवा डेटा कुठल्याही क्रमाने भरायचा असेल, तर डिफरेबलची खरी गरज असते. पण गरज नसताना डिफर्ड ठेवलेली फॉरेन की चूक उशिरा दाखवते. कमिटच्या वेळी एरर आली की ती कुठल्या ओळीमुळे, कोडमधल्या कुठल्या जागी, हे शोधणं कठीण जातं. माझी पसंती डिफरेबल इनिशियली इमीजिएटला आहे: एरवी तपासणी लगेच, आणि खरोखर लागेल तिथे सेट कन्स्ट्रेंट्सने मुद्दाम पुढे ढकलायची. ९.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, «अल्टर कन्स्ट्रेंट» वापरून फॉरेन कीचा हा स्वभाव ती न काढताच बदलता येतो.

ऑन डिलीटला रिस्ट्रिक्ट लिहिलेलं असेल तर ती तपासणी डिफर होतच नाही. नो ॲक्शन असेल तरच होते. दोन्ही एकच असं समजून चालणारे बरेच भेटतात.

इतर डेटाबेसमध्येही हे घडतं का?

या स्वरूपात नाही. ओरॅकलमध्ये डिफर्ड कन्स्ट्रेंट आहेत, पण ड्रॉप टेबलच्या आधी आपोआप कमिट होतं, त्यामुळे पुढे ढकललेली तपासणी तिथेच होऊन जाते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये तपासणी पुढे ढकलायची सोयच नाही, आणि तिथेही ड्रॉपसोबत कमिट होतं. दोन्हीकडे ड्रॉप मागे घेता येत नाही, हे पोस्टग्रेसवरून तिकडे जाणाऱ्याने पक्कं ध्यानात ठेवावं. एसक्यूलाइटमध्ये ड्रॉप मागे घेता येतो आणि डिफर्ड फॉरेन कीही आहेत. तिथे फॉरेन की चालू असतील तर ड्रॉप टेबल आधी आतल्या आत सगळ्या ओळी डिलीट करतो. त्यातून डिफर्ड फॉरेन कीचं उल्लंघन झालं तर ड्रॉप होऊन जातो, एरर कमिटच्या वेळी येते. तोवर तुम्ही त्या अनाथ ओळी दुरुस्त केल्या असतील तर येतही नाही.